लक्षद्वीपला माणसं नेण्याआधी : सातारा-सांगलीच्या सहल आयोजकांना खुले पत्र

प्रति,
सातारा आणि सांगली जिल्ह्यांतले सर्व सहल आयोजक, तसेच ज्येष्ठ नागरिक संघ, महिला मंडळं आणि भिशी गटांच्या सहली ठरवणारे सर्वजण,

सप्रेम नमस्कार.

पंतप्रधानांच्या जानेवारी २०२४ मधल्या दौऱ्यानंतर लक्षद्वीपचं नाव आपल्याकडे घरोघरी पोचलं. अष्टविनायक, कोकण, केरळ या नेहमीच्या फलकांशेजारी आता निळ्या पाण्याचा फोटो दिसू लागला आहे. त्याचा आम्हाला आनंदच आहे. माणदेशातल्या माणसाने आयुष्यात एकदा तरी असं पाणी पाहावं. पण त्या फोटोखाली ‘पन्नास सीट’ असं छापलेलं असतं, आणि हे पत्र त्या दोन शब्दांसाठी आहे.

पन्नास माणसांची बस कोकणात चालते, कारण तिथे जेवण संपलं तर पुढचा ढाबा असतो, पाणी संपलं तर टँकर येतो आणि कचरा कुठेतरी उचलला जातो. लक्षद्वीपची एकूण ३६ बेटं आहेत, वस्ती १० बेटांवर आहे आणि सगळी मिळून जमीन ३२ चौरस किलोमीटर. म्हणजे सांगली-मिरज-कुपवाड महापालिकेच्या हद्दीच्या चौथ्या हिश्श्याहून थोडी जास्त. एवढ्याशा जमिनीवर २०११ च्या जनगणनेनुसार ६४ हजारांवर माणसं राहतात. तांदूळ, भाजी, डिझेल, औषधं, सिमेंट, जवळजवळ सगळं मुख्य भूमीवरून समुद्रमार्गे येतं, तेही २२० ते ४४० किलोमीटर अंतर कापून. अशा ठिकाणी किती माणसं न्यायची हे खोल्या मोजून ठरत नाही. ते बेटाच्या पाण्यावर ठरतं आणि लगूनमधल्या, म्हणजे बेट आणि प्रवाळांचा बांध यांच्यामधल्या उथळ पाण्यातल्या, बोटभर मासोळ्यांवर ठरतं. हे दोन्ही हिशोब तुमच्यापुढे नीट मांडावेत म्हणून लिहितो आहोत.

आधी पाणी. बेटाला नदी नाही, ओढा नाही, डोंगर नाही. प्रवाळाच्या वाळूत मुरलेलं पावसाचं पाणी खालच्या खाऱ्या पाण्यावर तरंगत राहतं, मध्यभागी जाड आणि किनाऱ्याकडे पातळ, भिंगासारखं. गोडं पाणी हलकं, खारं जड, एवढ्याच फरकावर ते टिकून असतं. हिशोबाचा नियम असा की गोड्या पाण्याची पातळी समुद्रसपाटीच्या वर १ सेंटीमीटर असेल तर खाली साधारण ४० सेंटीमीटर गोडं पाणी साठतं. उलट बाजूने वाचलं तर यातलं भय कळतं. उपसा करून पातळी १ सेंटीमीटर उतरवली की खालचं खारं पाणी ४० सेंटीमीटरने वर सरकू पाहतं. विहिरीवर मोटर लावून टाकी भरभर भरली की नेमकं विहिरीखालीच खारं पाणी सुळक्यासारखं उठतं. एकदा विहीर खारट झाली की ती पुन्हा गोडी व्हायला पुढच्या पावसाळ्याची, कधी अनेक पावसाळ्यांची वाट पाहावी लागते.

वाळवा, पलूस, मिरज भागातली कृष्णाकाठची क्षारपड जमीन ज्यांनी पाहिली आहे त्यांना हे वेगळं सांगायला नको. आपल्याकडे पाणी जास्त दिल्याने मीठ वर आलं, तिकडे पाणी जास्त उपसल्याने येतं. कारण उलटं, पण खारटपणा तोच आणि भोगणाराही तोच, गावातला माणूस.

यावर उपाय म्हणून चेन्नईच्या राष्ट्रीय महासागर तंत्रज्ञान संस्थेने २००५ साली लक्षद्वीपच्या राजधानीच्या बेटावर, कवरत्तीला, समुद्राचं पाणी गोडं करणारा प्रकल्प उभा केला. समुद्राच्या पृष्ठभागावरचं २८ अंशांच्या आसपासचं कोमट पाणी निर्वात टाकीत सोडलं की त्यातल्या थोड्या भागाची वाफ होते. ती वाफ थंड करायला साडेतीनशे मीटर खोलीवरून गार पाणी नळाने वर आणतात. फार हुशारीचं काम आहे. त्याची क्षमता मात्र दिवसाला १ लाख लिटर. कवरत्तीची वस्ती २०११ मध्ये ११ हजारांवर होती. भागाकार करा, माणशी जेमतेम ९ लिटर येतात. ते पिण्याचं आणि स्वयंपाकाचं पाणी आहे.

आता सहलीतला माणूस पाहा. लगूनमध्ये तो दिवसातून दोनदा उतरतो, दोन्ही वेळा अंगावरचं मीठ धुवायला फवाऱ्याखाली उभा राहतो. दहा मिनिटं फवारा चालला तर ८० ते १०० लिटर जातात. बादली-तांब्याने तीच अंघोळ १५ ते १८ लिटरमध्ये होते. पन्नास माणसांनी दोनदा फवारा घेतला तर एका दिवसात ८ ते १० हजार लिटर होतात. आटपाडी, जत, माण, खटावमध्ये एवढ्या पाण्याला टँकर म्हणतात आणि त्याच्यामागे अख्खी वाडी रांग लावते. म्हणून विनंती आहे की मुक्कामाची जागा ठरवताना ‘बादली मिळेल का’ हा प्रश्न ‘एसी आहे का’ याच्या आधी विचारा. दिवसात गोड्या पाण्याची एकच अंघोळ, तीही संध्याकाळी. ओले कपडे तिथे धुवायचे नाहीत, वाळवून बांधून घरी आणायचे. साबण, शाम्पू कमीत कमी, कारण न्हाणीघराचं पाणी वाळूत मुरून त्याच भिंगात जातं आणि शेजारच्या विहिरीत उतरतं. आपल्या काळ्या मातीत पाणी मुरताना थोडं तरी गाळलं जातं. त्या भरड वाळूत तेवढाही अडसर नाही.

दुसरा हिशोब मासेमारीचा, आणि इथे थोडं सविस्तर लिहितो, कारण गावातला दिवस त्याच्यावर चालतो आणि आपल्या कार्यक्रमपत्रिकेत त्याला जागाच नसते.

लक्षद्वीपची मुख्य मासळी टूना, कोकणातले लोक ज्याला कुपा, गेदर म्हणतात त्या कुळातली. ती तिथे जाळ्याने नव्हे तर काठी-गळाने धरतात. मूळ कसब मिनिकॉय बेटाचं. १९६० नंतर यांत्रिक होड्या आल्या आणि मत्स्य विभागाच्या प्रयत्नांनी ते बाकीच्या बेटांवर पसरलं. हंगाम साधारण ऑक्टोबर ते एप्रिल, म्हणजे नेमका आपल्या सहलींचा.

कामाची सुरुवात टूनापासून होत नाही, जिवंत आमिषापासून होते. पहाटे होडी लगूनमध्ये थांबते. चौकोनी जाळं काठ्यांनी तळाशी दाबून धरतात. त्यावर टूनाच्या मांसाचा कुटलेला लगदा सोडतात. प्रवाळांच्या फांद्यांत लपलेल्या बोटाएवढ्या रुपेरी मासोळ्या खायला जाळ्यावर जमल्या की चारही कोपरे एकदम उचलायचे. मासोळ्या हाताने चिवडायच्या नाहीत. खवले निघाले की त्या तासाभरात मरतात. मग त्या होडीच्या पोटातल्या हौदात सोडतात. या हौदाच्या तळाला भोकं असतात, त्यातून समुद्राचं पाणी सतत आत-बाहेर होत राहतं. भोकांना बुचं असतात आणि होडी चालू असताना किती उघडी ठेवायची हे अनुभवाने ठरतं. पाणी कमी फिरलं तर मासोळ्या गुदमरतात, जास्त जोराने आलं तर आपटून मरतात.

मग बांधाबाहेर खुल्या समुद्रात पक्ष्यांच्या घिरट्या शोधायच्या. पक्षी जिथे सूर मारतात तिथे खाली टूनाचा थवा असतो. थव्यात शिरल्यावर एकजण ओंजळभर जिवंत मासोळ्या फेकतो, दुसरे पाण्यावर सपासप पाणी उडवतात. खालून पाहणाऱ्या टूनाला वाटतं सगळा पृष्ठभागच मासोळ्यांनी उसळतो आहे. थवा पिसाळतो आणि समोर येईल त्यावर झडप घालतो. होडीच्या मागच्या फळीवर ओळीने उभे राहिलेले गळकरी बांबूच्या काठीने नुसता चकचकीत गळ पाण्याला टेकवतात. त्यावर आमिष नसतं. गळाला परतीचा काटाही नसतो. मासा लागला की एकाच झटक्यात तो डोक्यावरून मागे येतो, दोरी सैल पडते, गळ आपोआप सुटतो आणि मासा होडीत पडतो. हात न लावता गळ पुन्हा पाण्यात. चांगला थवा काही मिनिटंच टिकतो, त्यामुळे प्रत्येक सेकंद मोलाचा. एका वेळी एक मासा येतो. कासव, डॉल्फिन यात सहसा सापडत नाहीत, हे या पद्धतीचं मोठेपण.

हौदातल्या मासोळ्या मेल्या तर होडी परत फिरते. मेलेली मासोळी बुडते, थवा थांबत नाही. डिझेल फुकट, दिवस फुकट. म्हणून गावाला लगूनमधल्या त्या चार-सहा सेंटीमीटरच्या मासोळ्यांची एवढी काळजी असते.

आणि आपण नेमके तिथेच उतरतो. ज्या फांद्याफांद्यांच्या प्रवाळात त्या मासोळ्या राहतात तो फार ठिसूळ असतो. फांद्यांचा प्रवाळ वर्षाला सुमारे १० सेंटीमीटर वाढू शकतो, गोल धोंड्यासारखा प्रवाळ एखादाच सेंटीमीटर. कंबरभर पाण्यात दमलेला माणूस ‘दगडावर’ उभा राहतो, पायाखाली काहीतरी कचकन मोडतं आणि कित्येक वर्षांचं काम जातं. समुद्र तापल्यामुळे १९९८, २०१०, २०१६ आणि २०२४ मध्ये तिथला प्रवाळ पांढरा पडून मोठ्या प्रमाणावर मेला. पाणी नेहमीच्या उन्हाळ्यापेक्षा अंशभर जरी जास्त तापलं आणि तसंच काही आठवडे राहिलं तरी प्रवाळ आपल्या आतलं शेवाळ बाहेर टाकतो आणि उपाशी मरतो. उरलेला प्रवाळ आता सावरतो आहे. त्यावर पन्नास माणसांचे शंभर पाय नकोत.

तेव्हा कार्यक्रम असा आखा. पहाटे उजाडल्यापासून नऊपर्यंत लगूनमध्ये मोटरबोटी, पाण्यातले खेळ, पोहणं काही नको, आमिष धरण्याची ती वेळ असते. कुठल्या भागात जाळी लागतात हे रोज स्थानिक माणसाला विचारा, ते वाऱ्याप्रमाणे बदलतं. माशांना पाव-बिस्किटं टाकू नका. मासेमारीच्या होडीवर ‘एक चक्कर मारून आणा’ असा आग्रह धरू नका. दोन-चार किलोचा मासा डोक्यावरून मागे येतो तेव्हा त्याच्या वाटेत मोबाईल धरून उभा राहिलेला पाहुणा म्हणजे फुटलेला जबडा किंवा गालात घुसलेला गळ. होड्या दुपारनंतर परततात. तेव्हा किनाऱ्यावर थोडं दूर उभं राहून पाहा. मासळी उतरवणं, वाटे घालणं, कापणं, सगळं समोर दिसतं आणि कुणाच्या कामात अडथळा येत नाही.

तिथेच मासमीन, म्हणजे सुकवलेला टूना, हेही पाहता येतं. टूनाचं डोकं आणि आतडी काढून अंगाचे लांब चार तुकडे करतात, खारट पाण्यात उकळतात, काटे काढतात, नारळाच्या सोडणांवर धुरी देतात आणि मग कित्येक दिवस उन्हात वाळवतात. साधारण पाच किलो ताज्या माशातून एक किलो मासमीन होतं. भाव ऐकून घासाघीस करण्याआधी हा आकडा आठवा. चांगला तुकडा लाकडासारखा कडक असतो, दोन तुकडे एकमेकांवर आपटले की टणक आवाज येतो, हाताला चिकटत नाही, आंबूस वास येत नाही. पांढरी बुरशी दिसली तर घेऊ नका. कागदात बांधून आणा, घरी आल्यावर एक दिवस ऊन द्या आणि घट्ट झाकणाच्या बरणीत ठेवा. आपल्या आषाढातल्या दमट हवेत उघडं राहिलं तर ते नरमतं. खिसून ओल्या खोबऱ्यात, कांद्यात, हिरव्या मिरचीत कालवलं की भाकरीबरोबर फार छान लागतं. मिनिकॉयच्या माहल भाषेत माशाला ‘मस’ म्हणतात, आपल्या मराठी ‘मासा’ची सख्खी बहीणच. मूळ संस्कृत शब्द एकच.

ताजा टूना मात्र घरी आणण्याच्या भानगडीत पडू देऊ नका. बर्फाशिवाय काही तास राहिलेल्या टूनामध्ये हिस्टामिन तयार होतं आणि ते शिजवल्याने जात नाही. खाल्ल्यावर अर्ध्या-एक तासात चेहरा लाल होणं, अंगाला खाज, डोकं ठणकणं, छातीत धडधड सुरू होतं. मासा चवीला तिखट, जिभेला चुरचुरणारा लागला तर तिथेच ताट बाजूला ठेवायचं.

समुद्रातून काहीच उचलायचं नाही, हे निघण्याआधीच्या बैठकीत सांगा. प्रवाळाचा तुकडा, मोठा शिंपला, समुद्रकाकडी यांना वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ चं संरक्षण आहे. किनाऱ्यावर पडलेला मेलेला प्रवाळ पिशवीत टाकला तरी तो गुन्हाच ठरतो, आणि सामान तपासणीत सापडल्यावर ‘देवघरासाठी घेतला होता’ हे कारण चालत नाही. खाली पडलेला नारळही उचलू नका. प्रत्येक झाडाला मालक आहे. घ्यायचंच असेल तर नारळाच्या नीरेपासून केलेला गूळ घ्या. गुळाची पारख आपल्याइतकी कुणाला! आणि नेताना बरोबर सांगलीची हळद न्या. मासळीच्या घरात तिच्याइतकी उपयोगी भेट दुसरी नाही.

आता प्रवासाकडे वळतो. लक्षद्वीपला बाहेरच्या माणसाला परवान्याशिवाय जाता येत नाही, १९६७ च्या नियमांपासून ही अट आहे. परवान्यावर बेटाचं नाव असतं, दुसऱ्या बेटावर उतरू देत नाहीत. अटी, शुल्क आणि कोणती बेटं खुली आहेत हे बदलत राहतं, म्हणून पैसे घेण्याआधी त्या आठवड्यातली माहिती प्रशासनाकडूनच घ्या. पोलिसांचा चारित्र्य पडताळणीचा दाखला मागितला जातो तेव्हा तो हातात यायला वेळ लागतो. आधार कार्डावरचं नाव, दाखल्यावरचं नाव आणि तिकिटावरचं नाव एकच हवं. लग्नाआधीचं आणि नंतरचं नाव वेगवेगळ्या कागदांवर असल्याने आपल्या गटांतल्या बायकांची अडचण याच ठिकाणी होते. अर्ज करण्याआधी तिन्ही कागद शेजारी ठेवून अक्षर न् अक्षर ताडून पाहा.

तारखा ठरवताना मे महिन्याची सुट्टी सोडा. मेच्या मध्यापासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत तो समुद्र पावसाळी असतो, फेऱ्या कमी होतात, रद्द होतात. दिवाळीनंतर ते मार्चपर्यंतचा काळ चांगला. रमजान कधी येतो ते कॅलेंडरमध्ये पाहा. त्या महिन्यात दिवसा जेवणाची सोय आधी बोलून ठेवावी लागते आणि उपवास करणाऱ्या गावातून चरत फिरणं बरं दिसत नाही.

मिरजेहून रेल्वेने एर्नाकुळम, तिथून कोचीतल्याच विलिंग्डन बेटावरच्या धक्क्यावर जहाज. बेटानुसार १४ ते १८ तासांचा प्रवास. विमान कोचीहून अगत्तीला जातं, पण धावपट्टी जेमतेम १२०० मीटर असल्याने विमान लहान आणि सामानाला मर्यादा. सगळ्यात मोठी चूक आखणीतली असते. जहाज सकाळी पोचणार म्हणून त्याच दुपारचं परतीचं रेल्वे तिकीट काढलेलं असतं. वारा बदलला, जहाज एक दिवस थांबलं की गटाची सगळी तिकिटं जातात आणि एर्नाकुळमच्या फलाटावर भांडण सुरू होतं. जाताना एक आणि येताना एक, असे दोन मोकळे दिवस कोचीत ठेवा आणि त्यांचे पैसे सुरुवातीलाच सहलीच्या रकमेत धरा. कुणी स्वस्तात नेतो म्हणाला तर त्याने हे दोन दिवस कापले आहेत असं समजा.

जहाज लागणाऱ्यांनी गोळी डॉक्टरांना विचारून जहाज सुटण्याआधी घ्यावी. उलटी सुरू झाल्यावर घेतलेली गोळी पोटात राहत नाही. निघण्याआधी तेलकट नको, आणि उपाशीही नको. सुकी भाकरी, चटणीविना, उत्तम. पोट ढवळलं तर मोबाईल बंद करायचा, डेकवर जाऊन क्षितिजाकडे पाहायचं किंवा जहाजाच्या मध्यभागी आडवं व्हायचं.

कित्येक बेटांवर जहाज बांधाबाहेर थांबतं आणि माणसं लहान बोटीत उतरवतात. ज्येष्ठांच्या सहलीत सगळ्यात धोक्याची वेळ हीच. लहान बोट लाटेबरोबर चार-पाच फूट वर-खाली होत असते. ती वर येऊन क्षणभर थांबते तेव्हाच पाऊल टाकायचं, खाली जाऊ लागल्यावर कधीही नाही. दोन्ही हात मोकळे हवेत. पिशवी, काठी, पर्स आधी खलाशाकडे द्यायची. खलाशाचा हात मनगटाला धरायचा, बोटांना नाही, बोटं निसटतात. पायात मागे पट्टा असलेली चप्पल, अंगात साडीऐवजी सलवार-कमीज. जहाज आणि बोट यांच्यामधल्या फटीत हात घालायचा नाही, काहीही पडलं तरी. ज्यांचे गुडघे जिना उतरताना धरतात त्यांना आधीच विमानाचा पर्याय सांगा. गावातल्या घराच्या तीन पायऱ्या हात न धरता उतरून दाखवायला सांगितलं तर बरंच कळतं.

पाण्यात उतरतानाची गोष्ट. विहिरीत आणि कृष्णेच्या डोहात पोहलेली आपली माणसं लाइफ जॅकेटला नको म्हणतात. लगूनचं पाणी ओहोटीला बांधातल्या तोंडाकडे ओढलं जातं आणि तिथून खुल्या समुद्रात जातं. विहिरीत अशी ओढ नसते. ओहोटी सुरू झाली की तोंडाजवळच्या बाजूला कुणीही नको, पट्टीचा पोहणाराही नको. भरतीचा शेवट आणि पाणी स्थिर होण्याचा तास-दीड तास सर्वांत बरा. मास्क चेहऱ्यावर पट्टा न लावता टेकवायचा आणि नाकाने श्वास ओढायचा, चिकटून राहिला तर माप बरोबर. साताऱ्याच्या भरघोस मिशीखालून पाणी शिरतंच, तिथे थोडं व्हॅसलिन लावलं की थांबतं. पोहताना पाय तळाला टेकवायचे नाहीत. दमल्यावर पाठीवर तरंगायचं. समुद्री साळू किंवा दगडमाशाचा काटा लागला तर जखम सोसेल इतक्या गरम पाण्यात, साधारण ४० ते ४५ अंश, अर्धा ते दीड तास बुडवून ठेवायची आणि दवाखाना गाठायचा. बर्फ लावायचा नाही, उष्णतेने त्या विषाचा जोर मोडतो. गंभीर रुग्णाला हेलिकॉप्टरने कोचीला न्यावं लागतं, ते हवामानावर अवलंबून असतं. हृदयरोग्याला हे आधी सांगायलाच हवं.

गावाबद्दल. लक्षद्वीपचे लोक जवळजवळ सारे मुसलमान आहेत, बहुतेक सारे अनुसूचित जमातींत मोडतात आणि घराणं, जमीन परंपरेने आईकडून लेकीकडे जाते. मिनिकॉयमध्ये दहा गावं आहेत आणि प्रत्येक गावाचा आपला प्रमुख असतो, त्याला बोडुकाका म्हणतात. पाहुण्यांचा गट गावात शिरण्याआधी त्यांच्यापर्यंत निरोप पोचलेला बरा, जसा आपण कुठल्याही गावात पाटलांच्या कानावर घालतो. पोहण्याचे कपडे पाण्यापुरते, गल्लीत अंग झाकलेलं. बायकांचे फोटो विचारल्याशिवाय नाहीत. शुक्रवारी दुपारी नमाजाच्या वेळी मोठ्याने गाणी नकोत. बंगारम बेट सोडून दारूला बंदी आहे, पिशवीत लपवून नेणारा एकटा अडकत नाही, अख्खा गट अडकतो. घोळक्याने गल्लीत न शिरता सहा-सहाच्या तुकड्या करा आणि प्रत्येकीबरोबर बेटावरचाच माणूस घ्या, त्याची मजुरी ठरलेली आणि रोख द्या. एटीएम मोजके आहेत.

कचऱ्यासाठी बेटावर डोंगरापलीकडची जागा नाही, सगळं डोळ्यासमोर राहतं. दहा माणसांमागे एक जाड पोतं न्या. बिस्किटाचं वेष्टण, पाण्याची बाटली, डायपर, औषधांची पाकिटं, सगळं त्यात भरून कोचीला परत. पंधरा माणसांचं दीड पोतं परत आणणं जमतं, पन्नासांचं जमत नाही, हे अनेक आयोजक खासगीत मान्य करतात.

कास पठारावर दिवसाला तीन हजारांची मर्यादा आली आणि नोंदणीशिवाय प्रवेश थांबला, तेव्हा आपल्याच लोकांनी कुरकुर केली. नंतर त्याची सवय झाली, कारण चिरडलेली फुलं आपल्या डोळ्यांनी पाहिली होती. आसपासच्या गावांतली माणसं तिथे व्यवस्था बघतात, म्हणून ती चालते. लक्षद्वीपच्या बाबतीत चिरडलेलं पाण्याखाली असतं, आपल्याला दिसत नाही.

आमची मागणी एवढी आहे. एका गटात पंधरापेक्षा जास्त माणसं घेऊ नका. एका बेटावर किमान तीन रात्री राहा, दोन दिवसांत तीन बेटं दाखवण्याचा सोस सोडा. दर वाढेल, तो वाढू द्या आणि का वाढला ते माहितीपत्रकात लिहा. येत्या दिवाळीच्या सहलींची पत्रकं बहुतेक गणपतीच्या सुमारास छापायला जातात. छपाईला देण्याआधी ‘पन्नास सीट’ खोडून ‘पंधरा’ करा, आणि सोबतच्या सूचनांत बादली, पोतं आणि सकाळी नऊपर्यंत लगूनपासून दूर राहणं, या तीन गोष्टी ठळक अक्षरांत घाला. पत्रकाचा मजकूर तपासून द्यायला आम्ही आनंदाने वेळ देऊ.

कळावे,
आपले,
बेटांच्या सहली जवळून जाणणारे आम्ही काहीजण
सातारा आणि सांगली